लक्षणं विचारणारा अर्जुन

गीतेत अर्जुन एकच गोष्ट दोनदा विचारतो. दुसऱ्या अध्यायाच्या 54व्या श्लोकात त्याला जाणून घ्यायचं आहे की स्थितप्रज्ञ ओळखायचा कसा, तो बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. चौदाव्या अध्यायाच्या 21व्या श्लोकात पुन्हा तेच: तिन्ही गुणांच्या पलीकडे गेलेला माणूस कोणत्या खुणांनी कळतो, त्याचं वागणं कसं असतं? मी मानसशास्त्र शिकवलं, त्यातही बहुतेक काळ मानसमापन, म्हणजे चाचण्या कशा तयार करायच्या आणि कशा तपासायच्या ते. त्यामुळे हे दोन श्लोक वाचताना अर्जुन मला माझ्या वर्गातला वाटतो. दुसऱ्याला बघून पडताळता येईल अशी खूण त्याला हवी आहे. आणि भगवंत सांगतात ते जवळजवळ सगळं आतलं: कामना गळून पडलेल्या, सुखदुःख सारखं, निंदास्तुती सारखी. चालण्याबोलण्याबद्दल अर्जुनाने विचारलं होतं, ते बाजूलाच राहतं. टीकाकारांनी यावर पुष्कळ लिहिलं आहे. मला त्यात माझ्या विषयाचा मूळ प्रश्न दिसतो. माणसाचा स्वभाव आत असतो आणि आपल्याला मोजता येतं ते बाहेर असतं. मग या बाहेरच्यावरून त्या आतल्याबद्दल बोलायचा अधिकार आपल्याला कशाने मिळतो?

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी राहिला नाही, कारण काही वर्षांपूर्वी आमच्या सांगलीकडच्या एका संस्थेचे कार्यकर्ते माझ्याकडे आले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांची संस्कार शिबिरं घेणारी ही मंडळी, मनाने चांगली. त्यांनी तीस विधानांची एक पत्रिका तयार केली होती. प्रत्येक विधानापुढे 'नेहमी'पासून 'कधीच नाही'पर्यंत पाच रकाने. मुलाने खुणा केल्या की बेरीज व्हायची आणि तो सात्त्विक, राजस की तामस हे ठरायचं. शिबिराच्या शेवटी पालकांच्या हातात तसा छापील कागद पडायचा. "बाई, प्रश्न तयारच आहेत," ते म्हणाले. "तुम्ही फक्त ते शास्त्रीय करून द्या."

मी हो म्हटलं आणि मनापासून म्हटलं. त्रिगुणांचा विचार ही आपल्या परंपरेतली मनाविषयीची फार मोठी मांडणी आहे. इंग्रजी चाचण्यांची भाषांतरं करत बसण्यापेक्षा आपल्या माणसांना परिचित असलेल्या कल्पनांवर चाचणी उभी राहावी, असं मला नेहमी वाटत आलं आहे. तसा प्रयत्न झालेलाही आहे. 1998 मध्ये डेव्हिड वुल्फ यांनी तीन गुणांवर आधारलेली 56 विधानांची शोधिका प्रसिद्ध केली. भारतातल्या संशोधकांनीही त्रिगुण मोजणाऱ्या पदनिश्चयन श्रेणी, म्हणजे रेटिंग स्केल, तयार केल्या आहेत. तेव्हा वाट नवी नव्हती. मी एकच अट घातली: मुलांच्या हाती देण्याआधी ही विधानं मोठ्या माणसांवर तपासून बघायची.

माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी मदतीला आल्या. आम्ही शहरात कचेऱ्यांमध्ये गेलो, तासगावकडच्या द्राक्षबागांमध्ये गेलो. बागेतल्या ज्या बायांना वाचता येत नव्हतं त्यांना विधान वाचून दाखवायचं आणि त्या सांगतील तिथे खूण करायची. त्यात दोन विधानं आहाराची होती, सतराव्या अध्यायातल्या 8 ते 10 या श्लोकांवरून घेतलेली. एक असं: 'मला झणझणीत, तिखट जेवण लागतं.' ते राजस. दुसरं: 'मी आदल्या दिवशीचं उरलेलं अन्न खातो/खाते.' ते तामस. विरळणीला आलेली एक बाई बांधावर बसून फडक्यातली भाकरी सोडत होती. रात्रीची भाकरी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. दुसरं विधान वाचलं तेव्हा ती आमच्याकडे बघतच राहिली. "रोजच की ताई. ताजी भाकरी थापून यायचं म्हणलं तर चारला उठाय पायजे. मुकादमाची गाडी सहाला येती." खूण 'नेहमी'वर पडली. ठेच्याची पण 'नेहमी'वर. म्हणजे आमच्या पत्रिकेच्या हिशोबाने ही बाई तामसही निघाली आणि राजसही. तिच्याच पत्रिकेत थोडं खाली 'मी हातातलं काम उद्यावर ढकलतो/ढकलते' असं विधान होतं. त्यावर ती म्हणाली, "ढकलून कसं भागंल?" खूण 'कधीच नाही'वर.

मानसमापनात एका गटाची सगळी विधानं एकाच दिशेने बोलतात की नाही हे आधी बघतात. इथे आळसाविषयीची विधानं एकीकडे चालली होती आणि शिळ्या अन्नाचं विधान दुसरीकडे. बागेतल्या बाईमागून बाई तेच सांगत होती. त्याउलट शहरातल्या ज्या घरात सकाळी गोडं वरण, भात आणि वर तूप, ते घर काहीही न करता सात्त्विकाच्या रकान्यात जाऊन बसत होतं. मग हे विधान मोजत काय होतं? जिल्हा मोजत होतं, जात मोजत होतं, आणि घरात गॅसजवळ उभं राहायला सकाळी कुणाला किती वेळ मिळतो ते मोजत होतं. गीतेत नासलेल्या, वास मारणाऱ्या अन्नाचं वर्णन आहे आणि ते अन्न कुणाला प्रिय असतं याबद्दल बोलणं आहे. पोटासाठी काय खावं लागतं याबद्दल नाही. विधान लिहिणाऱ्याने श्लोकातला एक तुकडा उचलला आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून त्याचा अर्थ लावला. त्या बाईला तामस म्हणणारा कागद मी छापू दिला असता तर तो तिच्या कष्टांचा अपमान झाला असता, आणि त्यावर शास्त्राचा शिक्का बसला असता.

इथे मला डॉ. आंबेडकरांची आठवण होते, आणि ती व्हायलाच हवी. 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी भाषण लिहिलं. मंडळाने अधिवेशन रद्द केल्यामुळे ते झालं नाही आणि 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने पुस्तकरूपाने आलं. गुणांवरून चार वर्ण पाडायच्या कल्पनेचा समाचार घेताना ते प्लेटोकडे जातात. प्लेटोनेही माणसांचे स्वभावावरून तीन वर्ग कल्पिले होते. आंबेडकरांचा आक्षेप असा की माणसांना मोजक्या, पक्क्या सीमांच्या कप्प्यांत घालणं हे माणसाकडे अगदी वरवर बघणं आहे. प्रत्येकाच्या ठायी प्रवृत्तींचा मेळ वेगळा असतो. हे त्यांनी सामाजिक न्यायासाठी लिहिलं, पण मापनशास्त्राच्या दृष्टीनेही ते तंतोतंत खरं आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव या संदर्भात यायला हवं होतं.

खरं का, ते सांगते. कार्ल युंगने 1921 मध्ये मनाच्या प्रकारांवरचा आपला ग्रंथ लिहिला. त्यावरून अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी सोळा प्रकारांची चाचणी बांधली, ती आज जगभर कंपन्यांमध्ये वापरली जाते. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांतली मुलंसुद्धा एकमेकांना आपली चार अक्षरं सांगतात. आता, माणसांचे खरोखरच दोन प्रकार असतील, समजा अंतर्मुख आणि बहिर्मुख, तर चाचणीत मिळालेल्या गुणांचा आलेख काढल्यावर दोन उंचवटे दिसायला हवेत आणि मध्ये दरी. प्रत्यक्षात एकच उंचवटा दिसतो, आणि बहुतेक माणसं मधोमध असतात. जिथे सर्वांत जास्त गर्दी आहे नेमकी तिथे चाचणी रेघ मारते. रेघेच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोघे स्वभावाने शेजारी, पण कागदावर ते वेगळ्या जातीचे होतात. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की पुष्कळांचा प्रकार बदलतो. कारण ते रेघेजवळच उभे होते, झोप नीट झाली नाही किंवा साहेब रागावले एवढंही रेघ ओलांडायला पुरतं.

माणसं पक्क्या कप्प्यांत बसत नाहीत हे शास्त्रग्रंथही सांगतात, हे माझ्या संस्थेच्या मित्रांना पटवणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. सांख्यकारिकेच्या 12व्या कारिकेत तिन्ही गुण एकमेकांना दाबतात, आधार देतात आणि एकत्रच राहतात असं म्हटलं आहे. गीतेच्या 14व्या अध्यायातला 10वा श्लोक तर सरळ सांगतो की कधी सत्त्व बाकीच्या दोघांवर मात करतं, कधी रज, कधी तम. म्हणजे गुण ही माणसाच्या आत चाललेली ओढाताण आहे. गीता अठराव्या अध्यायात कर्त्यालाही सात्त्विक, राजस आणि तामस म्हणते, आणि त्याच अध्यायात गुणांचा संबंध वर्णांशी जोडते, हे मी डोळ्याआड करत नाही. कर्त्याबद्दलचे ते श्लोक मी कर्म करत असतानाच्या माणसाबद्दलचे समजते. वर्णाबद्दलच्या श्लोकांच्या बाबतीत मात्र मी आंबेडकरांच्या बाजूची आहे. माणसाच्या स्वभावाबद्दल आज हाती असलेला कुठलाही पुरावा जन्मजात चौकटींना आधार देत नाही.

आता आतल्या-बाहेरच्या प्रश्नाकडे परत येते, कारण खरी अडचण तिथे आहे. 'मी नियमित दान करतो' हे विधान सात्त्विकात घातलं होतं. पण सतराव्या अध्यायात 20 ते 22 या श्लोकांत दान तिन्ही प्रकारचं सांगितलं आहे. एकाच हाताने, एकाच देवळात, तितकेच पैसे टाकलेले. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी दिलं तर सात्त्विक. फळावर डोळा ठेवून, कुरकुरत दिलं तर राजस. अवहेलनेने दिलं तर तामस. बघणाऱ्याला फरक दिसणार नाही. मग देणाऱ्यालाच विचारा. तर अठराव्या अध्यायाचा 32वा श्लोक म्हणतो की तामस बुद्धीला अधर्मच धर्म वाटतो, सगळंच उलटं दिसतं. म्हणजे तम जेवढा गडद, तेवढी त्याची स्वतःला खबर कमी. ज्याला 'मी सुस्त आहे, मी चुकतो आहे' हे कळून त्यावर खूण करता येते, त्याच्यात काहीतरी जागं आहे. आणि जो 'मला गर्व अजिबात नाही' यावर ठामपणे 'नेहमी' अशी खूण करतो, त्याचं काय समजायचं? विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यांत विनोबा तम आणि रज जिंकायचे उपाय सांगून थांबत नाहीत. सत्त्वाचाही अभिमान होतो आणि तोही घालवावा लागतो असं बजावतात. आमच्या विषयात चांगलं दिसण्याच्या या ओढीला सामाजिक इष्टता म्हणतात आणि ती पकडायला वेगळ्या विधानांची जाळी लावतात. विनोबांना ती ओढ तुरुंगातल्या श्रोत्यांसमोर, कुठल्याही आकडेमोडीशिवाय, नेमकी सापडली होती.

यावर एक मार्ग 1959 मध्ये डोनाल्ड कॅम्पबेल आणि डोनाल्ड फिस्क यांनी दाखवला: एकच गुण वेगवेगळ्या पद्धतींनी मोजा, आणि त्या पद्धती एकमेकींना दुजोरा देतात का ते बघा. आम्ही छोट्या प्रमाणात तसं केलं. काही घरांत तीच पत्रिका नवऱ्याने स्वतःबद्दल भरली आणि बायकोने नवऱ्याबद्दल, वेगवेगळ्या खोल्यांत बसून. 'मला सहसा राग येत नाही' या विधानावर एका गृहस्थांची खूण 'नेहमी'वर होती. त्यांच्या पत्नीने पेन्सिल बराच वेळ हातात धरली, एकदा दाराकडे पाहिलं आणि मधल्या रकान्यात खूण केली. ती मधली खूण मला अजून अस्वस्थ करते. ते तिचं मत होतं की तिची भीती, हे पत्रिकेवरून कळायला मार्ग नव्हता.

मधल्या रकान्याची आणखी एक गोष्ट आहे. चौदाव्या अध्यायात अर्जुनाला उत्तर मिळतं त्याप्रमाणे गुणातीत माणूस उदासीनासारखा बसलेला असतो. प्रकाश आला, प्रवृत्ती आली, मोह आला तरी तो त्यांचा द्वेष करत नाही आणि गेले तर इच्छा धरत नाही. असा कोणी खरोखर आमची पत्रिका भरायला बसला तर काय करेल? बहुधा सगळ्या खुणा मध्यावर करेल. आणि कंटाळलेला, न वाचता भरणारा मुलगाही तेच करतो. त्या दोघांना वेगळं ओळखू शकेल अशी बेरीज मला माहीत नाही. साधनेचं टोक जिथे आहे तिथे आमचं माप पोचत नाही, हे मला कबूल करावंसं वाटतं, आणि ते कबूल केल्याने विषयाची किंमत कमी होते असं मला वाटत नाही.

आपली पत्रिका बरोबर आहे हे सांगताना संस्थेच्या मंडळींचा भर दोन गोष्टींवर होता. एक म्हणजे विश्वसनीयतेचा आकडा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात ते. तो त्यांचा चांगला आला होता. पण 'मी देवपूजा करतो', 'मी पूजेला बसतो', 'मला पूजेत रस आहे' अशी एकाच अर्थाची विधानं घातली की ती एकमेकांशी जुळणारच. त्या जुळण्यावरून आत काय मोजलं जातंय हे कळत नाही. दुसरी गोष्ट पालकांची साक्ष. "कागद वाचून पालक म्हणतात, अगदी आमचाच मुलगा!" याबद्दल 1948 सालचा बर्ट्रम फोररचा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याने आपल्या 39 विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाला त्याचं म्हणून वर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी ते किती अचूक आहे याला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. सगळ्यांना दिलेलं वर्णन शब्दशः एकच होतं, आणि त्यातली बरीच वाक्यं फोररने भविष्याच्या एका पुस्तकातून घेतली होती. 'अगदी मीच' हे वाटणं किती सहज येतं, हे त्या दिवसापासून आम्हाला माहीत आहे.

मग यथार्थता, म्हणजे चाचणी जे मोजते म्हणते तेच मोजते का, हे ठरवायचं कसं? ली क्रॉनबाख आणि पॉल मील यांनी 1955 मध्ये यावर जो लेख लिहिला तो मी वर्गात दरवर्षी शिकवत आले. जिथे पडताळायला बाहेरचं तयार माप नाही, तिथे सिद्धान्तानेच भाकितं करायची आणि ती खोटी ठरायला तयार राहायचं. गीता तशी भाकितं करते. तम वाढलं की अप्रवृत्ती आणि प्रमाद येतो, रज वाढलं की लोभ आणि न थांबणारी धडपड. तर मग तामस गुण जास्त मिळालेला माणूस हाती घेतलेली कामं खरोखर सोडतो का, राजस गुण जास्त मिळालेला पगार वाढला तरी अस्वस्थच राहतो का, हे महिना-दोन महिने बघता येतं. आणि बघण्याआधी कागदावर लिहून ठेवायचं, काय आढळलं तर ही चाचणी आम्ही मोडीत काढू. मी हे सुचवलं तेव्हा त्यांच्यातले सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ दुखावले. "बाई, गीता चुकीची कशी निघेल?" मी त्यांना म्हटलं, काका, तपासणी गीतेची नाही, तुम्ही लिहिलेल्या तीस वाक्यांची आहे, गीता खरी असली तरी ही वाक्यं खोटी असू शकतात, शिळ्या भाकरीचं वाक्य तसं निघालंच. हा फरक त्यांना पटला नाही. माझ्या मते धर्मग्रंथाबद्दलचा आदर नेमका इथेच दिसतो. आपण लावलेला अर्थ ग्रंथाइतकाच पवित्र मानणं हा आदर नाही.

त्रिगुणांवर चांगली चाचणी होऊच शकत नाही असं माझं म्हणणं नाही. प्रौढ माणसाने स्वतःसाठी ती वापरावी. एकाच दिवशी न भरता वेगवेगळ्या दिवशी भरावी, 'मी कसा आहे' यापेक्षा 'आज मी काय केलं आणि कशासाठी केलं' असं विचारावं, तिन्ही गुणांचे आकडे वेगळे द्यावेत आणि प्रत्येक आकड्यासोबत त्यातली संभाव्य चूक छापावी. संशोधनालाही तिचा उपयोग आहे. पण तिच्या शेवटी माणसाला नाव देऊ नये. मी त्या पत्रिकेवर सही केली नाही. ती शिबिरात वापरली गेली की नाही ते मला नंतर कुणी कळवलं नाही.

पालकांना माझी विनंती आहे. शाळा, शिबिर, शिकवणी, कुठूनही तुमच्या मुलाच्या स्वभावाचा प्रकार सांगणारा कागद घरी आला, मग त्यावर गीतेतले शब्द असोत की इंग्रजी अक्षरं, तर देणाऱ्याला आधी विचारा की ही चाचणी कोणकोणत्या घरांतल्या मुलांवर तपासली, आणि काय निघालं असतं तर तुम्ही ती मागे घेतली असती. सरळ उत्तर मिळालं नाही तर कागद परत करा, आणि मुलाला तो वाचून दाखवू नका. दहा वर्षांचं मूल मोठ्यांनी दिलेलं नाव खरं मानतं आणि तसं वागू लागतं.